सादळलेला रंग

(द्वितीय वर्ष, कला)

इंजिनाचा आवाज ऐकून मोटारसायकलची तब्येत सांगणारी माणसे आमच्या गावात चार-पाचच असतील. रंग मात्र सगळ्यांना दिसतो. गाडी दारात उभी राहिली की लोक आधी टाकीकडे बघतात, मग मालकाकडे, आणि टाकीवरून मालकाची किंमत करून मोकळे होतात. हा न्याय बरोबर आहे असे माझे म्हणणे नाही. पण तो चालतो, आणि आमच्या आबांना तो चांगला ठाऊक आहे.

आमच्याकडे १९८६ सालची राजदूत आहे. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटामुळे गाजली ती छोटी, ठेंगणी राजदूत वेगळी. काही प्राध्यापक मंडळींना ती आठवत असेल. आमची साधी १७५, दूधवाल्यांची. ही गाडी आता निघत नाही. सुटे भाग हवे असले तर कराडला भंगारवाल्यांच्या पाया पडावे लागते. आजोबांनी ती घेतली. आबांनी तिच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवून पंचवीस वर्षे डेअरीला दूध घातले. माझी कॉलेजची फी त्याच दुधाच्या बिलातून भरली जाते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आणि प्रवेश घ्यायला आलो तो दोन रिकाम्या कॅनच्या मध्ये, गुडघे आवळून बसून आलो.

गेल्या श्रावणात ताईची सुपारी फुटली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरले. दरम्यान आबांना व्याह्यांच्या गावी चार खेपा तरी होणार होत्या. ताईने स्वतःसाठी काही मागितले नाही. फक्त एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, टाकीवरून तेवढा रंगाचा हात फिरवून घ्या की." कॅन घासून घासून टाकीच्या कडांचा पत्रा उघडा पडला होता.

रंगवायला गाडी दिली ती माझ्याच वर्गमित्राकडे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. चित्रकलेच्या तासाला माझा हत्ती गाढवासारखा दिसायचा आणि त्याचा बैल वहीतून उठून चालू लागेल असा. दहावीनंतर मी अकरावीला गेलो, तो कराडला एका गॅरेजात रंगाच्या कामाला लागला. दोन वर्षांनी परत आला, पतसंस्थेचे कर्ज काढून कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन घेतली, आणि रस्त्याकडेला चार बांबू, वर ताडपत्री असे दुकान थाटले. टाकी, दोन्ही मडगार्ड आणि बाजूच्या पेट्या मिळून २८०० रुपये ठरले. रंग काळाच, कारण आर. सी. बुकात काळा लिहिला आहे.

गाडी आली तेव्हा ताडपत्रीखालच्या उजेडात ती झकास दिसली. दुसऱ्या दिवशी ऊन पडले आणि खरे रूप कळले. टाकीच्या माथ्यावर राखुंडी फिरवल्यासारखे पांढुरके धुके होते. पुसले तरी जाईना. पुढच्या मडगार्डवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे. पेटीच्या खालच्या कडेला रंगाचा एक ओघळ तिथेच थिजलेला, मेणबत्तीला असतो तसा. डाव्या बाजूला तर रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या, आजीच्या हाताच्या कातडीसारख्या. आठवडाभरात पेट्रोल भरताना चार थेंब सांडले आणि झाकणाभोवती रंग मऊ पडून आबांच्या बोटाला लागला.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी ते बोट धोतराला पुसले आणि कॅन अडकवले. आई मात्र बोलली. २८०० रुपये म्हणजे किती लिटर दूध हा हिशेब तिला तोंडपाठ. "तुझा मैतर हाय न्हवं, जा आन् पैशे घिऊन ये," असे तिने मला बजावले. आबा म्हणाले, "न्हाई जायाचं. पोराचं दुकान नवं हाय. गावात बोभाटा झाला तर उद्या त्याच्याकडं कोण यील?" आई म्हणाली, "आन् आपल्या पोरीच्या सासरी काय बोभाटा हुईल त्याचं?" दोघांचेही खरे होते. व्याह्यांकडची पहिली खेप आबांनी एस. टी. ने केली, दोन गाड्या बदलून.

मी गेलो. पैसे मागायला की नुसता बघायला, हे माझे मलाच ठरत नव्हते. तो स्कूटरचे मडगार्ड घासत होता. मला बघताच उठून उभा राहिला, आणि मला तेच लागले. एका बाकावरचा मुलगा मला बघून उभा राहतो!

"पैशे परत पायजेत का?" त्याने सरळच विचारले. "हप्त्यात गेलं बघ. दिवाळीनंतर देतो."

मी म्हटले, "पैशाचं राहू दे. हे झालं कसं ते सांग."

"तेच तर कळंना गड्या. उस्तादानं दावलं तसंच मारलंय." मग त्याने रंगाचा डबा माझ्यापुढे ठेवला. "तू कॉलेजात हाईस. ह्याच्यावर काय लिवलंय तेवढं वाच की."

डब्यावर देवनागरीत एक अक्षर नव्हते. मुंगीएवढ्या टायपात इंग्रजी. आम्ही दोघे फळकुटावर बसलो आणि एकेक ओळ लावू लागलो. 'ह्युमिडिटी' मला भूगोलामुळे ठाऊक होते. 'सबस्ट्रेट' अडला, मोबाइलवर पाहिला, तर ज्या पृष्ठभागावर रंग मारायचा तो. इंग्रजीच्या पेपराला मी सुनीतांच्या नोट्स पाठ केल्या आहेत, पण इंग्रजीचा असा रोकडा उपयोग मी त्या दिवशी प्रथम केला.

वाचता वाचता एकेक गोष्ट उलगडत गेली. हवेत दमटपणा फार असेल तर हा रंग मारू नये, असे तिथे छापलेले होते. आमच्या पाटण खोऱ्यात आषाढ-श्रावणात काडेपेटीसुद्धा सादळते. तिथे रंगाची काय कथा! थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पत्र्याची ऊब घेऊन जातो, माठातले पाणी गार होते त्याच न्यायाने. गार पडलेल्या ओल्या रंगावर हवेतली वाफ बारीक थेंबांनी बसते आणि आत अडकते. तेच ते धुके. सावकाश उडणारा थिनर मिळतो, पण आमच्या बाजारात तो कुणी ठेवत नाही. सालीसारखे खड्डे पडले ते रंग जाड राहिल्याने आणि ओघळ आला तो गन एका जागी रेंगाळल्याने. सुरकुत्यांचे कोडे तेवढे डब्याने सुटले नाही.

पेट्रोलचे उत्तर त्याला आधीच ठाऊक होते. हार्डनर मिसळून मारायचा पीयू रंग पेट्रोलला दाद देत नाही. पण तो महाग, आणि २८०० रुपयांत बसणारा नव्हता. दुसऱ्या एका डब्यावर त्या हार्डनरबद्दल इशारा होता. त्यात आयसोसायनेट असते. त्याचे तुषार छातीत गेले तर दमा जडू शकतो, म्हणून योग्य मास्क लावावा. मी त्याला विचारले, कराडला काय लावायचा? त्याने गळ्यातला ओला रुमाल दाखवला. दोन वर्षे तो रुमाल. मला त्या डब्याचा मनस्वी राग आला. ज्याच्या छातीत ते जाणार, त्याला वाचता येईल असे काहीच त्याच्यावर लिहिलेले नव्हते.

पैशाचा विषय त्यानेच काढला. "मजुरी घेत न्हाई. सामान आबांनी आणावं, पाऊस सरल्यावर समदं पयल्यापासनं करतो." आईला हे पटले नाही, आजही पटलेले नाही. सामान त्याचे आणि मजुरीही त्याचीच, असे तिचे मत. मला विचाराल तर आईचा हिशेब चोख आहे. पण त्या हिशेबाने दुकान बंद पडले असते आणि गाडी तशीच राहिली असती. आबांनी १९०० रुपयांचे सामान आणले. ९५० रुपयांचा मास्क मित्राने स्वतः घेतला. इतके पैसे तोंडाला बांधायला, म्हणून त्याची आई दोन दिवस कुरकुरत होती.

आश्विनात ऊन तापले तेव्हा काम काढले. नवा रंग जुन्यावर मारून भागणार नव्हते. खाली खोटे असेल तर वर काहीही मारा, ते खालचे वर येतेच. पेंट रिमूव्हर लावला की रंग फुगून येतो, मग पत्रीने खरवडायचा. त्याचा थेंब हातावर पडला तर इंगळी डसल्यासारखे होते. काळ्याखाली हिरवा निघाला. हिरवा बघून आबा हसले. आजोबांनी दाराच्या चौकटीला आणलेला ऑइलपेंट उरला होता, तो त्यांनी ब्रशाने टाकीला फासला होता म्हणे! सुरकुत्यांचे मूळ तेच होते. ऑइलपेंटवर कडक थिनरचा रंग बसला की खालचा थर फुगतो आणि चुरमडतो. हिरव्याखाली कारखान्याचा मूळ काळा, आणि त्याखाली कॅन टेकायचे तिथे गंजाचे तांबूस ठिपके. ते पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासले. मग प्रायमर, खोक्यांपुरती पातळ लांबी, पुन्हा घासणे; आधी २२० नंबरचा पेपर, मग ४००, मग पाणी लावून ८००. घासायला मी होतो. तीन दिवस माझ्या बोटांना पेन धरवत नव्हते. एका ट्यूटोरियलला त्यामुळे दांडी पडली. सरांना कारण इथे कळेल.

रंग त्याने सकाळी दहानंतर मारला, रस्त्यावर पाणी शिंपडून, धूळ बसवून. गन मोकळ्या जागेत सुरू करायची, टाकीवरून सरळ न्यायची आणि पलीकडे गेल्यावर सोडायची. त्याचा हात चालताना बघून मला वहीतला तो बैल आठवला. मास्कमधून तो काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आले नाही.

उरलेल्या दोन खेपा आबांनी राजदूतवरून केल्या. व्याही गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "नवी घेतली का?" आबांनी हे घरी येऊन आईला तीनदा सांगितले. डावी पेटी तेवढी राहिली आहे. रंग पुरला नाही. ती अजून प्रायमरची करडीच आहे, आणि तिच्यावर कॅन अडकवून आबा रोज पहाटे पाचला डेअरीला जातात. पुढचे दुधाचे बिल आले की अर्धा लिटर रंग आणायचा आहे. डबा मी वाचून घेईन.