शब्दाला कागद लागतो

कुराणातली सर्वात लांब आयत उधारीच्या व्यवहारावर आहे, असं सांगितलं की पुष्कळांना आश्चर्य वाटतं. सूरह बकराची ती २८२वी आयत. मुदतीचं देणंघेणं असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान म्हणून लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. माझ्या भाच्यामुळे यंदा तिचा अर्थ मला नव्याने समजला.

तारकर्लीच्या पर्यटकांसाठी त्याने सात सीटची गाडी घ्यायची ठरवली. आपाने बांगड्या गहाण ठेवल्या आणि १,८०,००० रुपये डाउन पेमेंट भरलं. शोरूम घाटावरचं. तिथे बसणारा फायनान्सवाला म्हणाला, "लोन पास आहे." तात्पुरता नंबर लागला, गाडी मालवणात आली. बाराव्या दिवशी फोन आला: लोन झालं नाही, दुसऱ्या कंपनीचं जास्त व्याजाचं घ्या, नाहीतर गाडी परत करा, डाउन पेमेंटमधून ४०,००० कापू.

"मामू, गाडी न्यायला माणसं पाठवतील म्हणतात," भाचा म्हणाला. आपा दोन दिवस जेवली नाही.

अमेरिकेत या प्रकाराला 'यो-यो' म्हणतात: गाडी द्यायची, मग खेचून घ्यायची, म्हणजे माणूस महाग कर्जावरही सही करतो. आपल्याकडे बँक मंजुरीनंतर डीलरला डिलिव्हरी ऑर्डर देते. भाच्याच्या गाडीला ती आलीच नव्हती. होता तो फक्त तोंडचा शब्द.

लोन नाही तर गाडी फुकट ठेवता येत नाही, हे उघड आहे. पण डीलरलाही मनाला येईल तेवढं कापता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे फॉर्मवर दंडाचा आकडा छापलेला असला, तरी मिळते ती वाजवी भरपाईच. आणि वसुलीसाठी दांडगे पाठवणं बँकांनाही चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावलं आहे.

"धंद्याची गाडी, मग तुम्ही ग्राहक कसले?" असंही शोरूमने ऐकवलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये त्याचं उत्तर आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. भाचा स्वतः गाडी चालवणार होता. याच कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे घाट चढायला नको, ओरोसला जिल्हा आयोग आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे.

आम्ही रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं. लोन नाकारल्याचं लेखी द्या, कपातीचा हिशेब बाबवार द्या, पैसे मिळतील त्याच दिवशी गाडी घ्या. गाडीचे फोटो आणि किलोमीटरचा आकडा सोबत जोडला. फोनवर चढणारा आवाज पत्रानंतर उतरला. १,६८,००० परत आले. उरलेल्या १२,००० चा हिशेब अजून आलेला नाही.

मालवणच्या बंदरावर लिलावात हजारोंचा माल तोंडच्या बोलीवर जातो, कारण उद्या सकाळी तीच माणसं पुन्हा समोरासमोर उभी राहणार असतात. शोरूममधला माणूस पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही. त्याच्या गोड बोलण्याची साक्ष कोण देणार? १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वैयक्तिक कर्जाच्या अटींचं ठळक तथ्यपत्रक ग्राहकाला द्यावं लागतं. ते हातात आल्याशिवाय आणि डिलिव्हरी ऑर्डर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्ली घेऊ नये.

आपा म्हणते, बांगड्या सुटल्या, आता बारा हजारांसाठी कशाला भांडायचं? भाच्याने तरीही तक्रारीचा कागद तयार केला आहे. सोमवारी तो ओरोसला जाईल.