आणखी एक घास

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला नवी नोकरी लागली. पगार नाही, रजा नाही, बढतीची आशा नाही; आणि वरिष्ठांचे वय अवघे एकोणीस महिने. कामाची वेळ सकाळी साडेअकरा ते साडेबारा. साहेबांची लहर फिरली तर दीडही वाजतो. काम एकच : वाटीतला भात साहेबांच्या पोटात पोचवायचा. छत्तीस वर्षे मी कचेरीत हिशेब लिहिले, लाखांचे आकडे या खात्यातून त्या खात्यात नेले. पण वाटीतला भात वीतभर अंतरावरच्या तोंडात नेणे हे त्याहून अवघड काम आहे, याची मला कल्पना नव्हती.

खरे म्हणजे ही जागा माझी नव्हेच. ती नातवाच्या आजीची. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्याचे उष्टावण झाले तेव्हा खीर हिनेच केली होती. मामाच्या मांडीवर बसून स्वारीने चांदीच्या वाटीतली खीर चाटली, तोंड वेडेवाकडे केले आणि पुन्हा जीभ बाहेर काढली. जुन्या रीतीप्रमाणे पुढ्यात पुस्तक, लेखणी, नाणी असे काय काय मांडले होते. मुलाने ज्याला आधी हात लावावा त्यावर त्याची उपजीविका, असे म्हणतात. नातवाने सगळे सोडून खिरीच्या वाटीला हात घातला, तेव्हा ही हसत म्हणाली, "हा आजोबांच्या वळणावर गेला!"

फाल्गुनात ही गेली. चार दिवसांचे दुखणे. नातवाचा पहिला वाढदिवसही तिला दिसला नाही.

चिरंजीव आणि सूनबाई दोघेही नोकरीला जाणारे. बाळाला सांभाळायला एक बाई येतात. आंघोळ, झोप, खेळ सगळे त्यांच्याकडे बिनतक्रार चालते; पण जेवायची वेळ झाली की स्वारी ओठ मिटून घेई. घरात चिंता पसरली. तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, "मी भरवत जाईन. त्यात काय आहे?"

'त्यात काय आहे?' हे शब्द तोंडातून गेले आणि मीच चपापलो. आमच्या दोन मुलांना भरवताना ही तासन् तास अडकून पडे, आणि मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता हेच शब्द उच्चारीत असे.

त्यात काय आहे, ते मला पहिल्याच दिवशी कळले. मऊ भात, मुगाचे वरण, वर साजूक तूप. चिऊचा घास झाला, काऊचा घास झाला. तिसरा घास साहेबांनी तोंडात घेतला, गालात धरला, माझ्याकडे पाहून गोड हसले आणि माझ्या सदऱ्यावर परत केला. चिऊकाऊंवर त्याचा राग नाही. खिडकीत खरा कावळा आला तर आपल्या हातची पोळी त्याला द्यायला तो केव्हाही तयार असतो. मात्र कावळ्याच्या नावाने आपण का जेवायचे, हे त्याला पटत नाही. विचार केला तर मलाही पटत नाही.

त्याच्या आवडीनिवडींचा हिशेब कोणत्याही खातेवहीत बसणार नाही. सोमवारी उकडलेला बटाटा म्हणजे जीव की प्राण. मंगळवारी तोच बटाटा शत्रू. भाकरीचा पापुद्रा लोण्याबरोबर आवडतो, पण तो माझ्या ताटातला हवा. तोच पापुद्रा त्याच्या ताटलीत ठेवला की त्याचे तेज जाते. लाल भोपळ्याची भाजी मी अकरा दिवस त्याच्या पुढ्यात ठेवली. रोज दिनदर्शिकेवर फुली मारीत होतो. अकराही दिवस त्याने तिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. बाराव्या दिवशी सहज उचलली, खाल्ली आणि आणखी मागितली. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावाचून मुले त्याला आपला म्हणत नाहीत, असे सूनबाई सांगत होत्या. मला ते तेव्हा पटले. नव्या शेजाऱ्यालादेखील आपण पहिल्या दिवशी घरात घेत नाही.

सूनबाईंचे नियम फ्रिजच्या दारावर लावलेले आहेत. जेवताना मोबाइल दाखवायचा नाही. साखर-मीठ बेताचे. अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही. तो श्वासनलिकेत अडकतो. आणि शेवटचा नियम, खाली रेघ ओढलेला : 'पुरे म्हणाला की पुरे.' पहिले सगळे नियम मी पाळले. शेवटचा मात्र मला नव्या पिढीचे खूळ वाटे. मूल 'पुरे' म्हणणारच! म्हणून काय आपण वाटी खाली ठेवायची?

शेवटी ही फिर्याद घेऊन मी बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. "पूर्वी दर दोन तासांनी भूक भूक करायचा, आता चार घासांत तोंड फिरवतो," असे मी सांगताच त्या हसल्या. म्हणाल्या, "जन्मला तेव्हा तीन किलोचा होता, वर्षाचा झाला तेव्हा नऊ. तिप्पट झाला. याच वेगाने वाढला तर दुसऱ्या वाढदिवसाला सत्तावीस आणि तिसऱ्याला एक्याऐंशी. चालेल का?" मी मनाशी चित्र काढून पाहिले. तिसऱ्या वाढदिवसाला मलाच नातवाच्या मांडीवर बसावे लागले असते. दुसऱ्या वर्षात मुलाचे वजन दोन-अडीच किलोनेच वाढते, म्हणून भूकही आपोआप उतरते, हे त्यांनी समजावून दिले. वाढीचा तक्ता काढून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेला तो तक्ता सहा देशांतल्या मुलांवरून केला आहे, आणि त्यांत दिल्लीचीही मुले आहेत. नातवाचा ठिपका आपल्या रेघेवर व्यवस्थित बसला होता. "काय द्यायचं, केव्हा द्यायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते त्याला ठरवू द्या," असे म्हणून बाईंनी निरोप दिला.

घरी येऊन मी जरा वाचन केले. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी गेल्या शतकात केलेल्या प्रयोगाची हकिगत हाती लागली. १९३९ साली त्यांनी तिचा अहवाल प्रसिद्ध केला. दुधावरून नुकतीच तुटलेली १५ मुले. त्यांच्यासाठी सुमारे ३४ साधे पदार्थ. भाज्या, फळे, धान्य, दूध, अंडी, मांस. दाईने चमचा हाती धरून गप्प बसायचे. 'हे खा' म्हणायचे नाही, 'शाबास' म्हणायचे नाही. मुलाने ज्याकडे हात नेला तेच भरवायचे. मुलांनी जेवणात नाना चमत्कार केले, पण सगळी धडधाकट वाढली. एक मूल मुडदुसाने आजारी होते. त्याच्या ताटाशी कॉड माशाच्या तेलाची वाटी ठेवली. बरे होईपर्यंत ते आपण होऊन तेल पीत राहिले, आणि बरे झाल्यावर त्याने वाटी सोडून दिली. बाईंनी प्रामाणिकपणे हेही लिहिले की, खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, मिठाई नव्हती. म्हणजे मोठ्यांचे काम यादी करण्यापुरते. पुढचे पोटाला कळते.

हे सारे मला पटले. बुद्धीला पटले. पण माणसाचा हात बुद्धीच्या आज्ञेत असतोच असे नाही.

हिने जाण्यापूर्वी थोडे दिवस मेतकूट केले होते. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजून, मोहरी, मेथी, हिंग, सुंठ घालून. त्याचा डबा मी फ्रिजमध्ये जपून ठेवला होता. नातवाच्या भातात रोज चिमूटभर घालायचा आणि झाकण घट्ट लावायचे. पण डबा कितीही जपला तरी त्याला तळ असतोच. भाद्रपदातल्या एका शनिवारी मी डब्याच्या कडा चमच्याने खरवडल्या. दीड चमचा निघाले. सगळे भातात कालवले, तूप घातले आणि पाटासमोर बसलो.

साहेबांनी चार घास आनंदाने खाल्ले. पाचव्याला मान फिरवली. "पुले," म्हणाला. मी म्हटले, "आणखी एक घास." तो घेतला. पुन्हा "पुले." वाटीत अजून निम्मा भात होता. मी म्हटले, "आणखी एकच." त्याने ओठ मिटले. माझा डावा हात त्याच्या हनुवटीकडे कधी गेला आणि बोटांनी त्याचे गाल कधी दाबले, हे माझे मला समजले नाही. त्याचे डोळे भरून आले, पण तो रडला नाही. माझ्याकडे नुसता पाहत राहिला.

"बाबा, नको."

दारात चिरंजीव उभे होते. आवाज चढलेला नव्हता. मी हात काढून घेतला. "अरे, आईच्या हातचं शेवटचं मेतकूट आहे हे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच निराळा वाटला.

"त्याला कुठे ठाऊक आहे? ते तुम्हाला ठाऊक आहे, बाबा," असे म्हणून तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला. वाटी माझ्या हातून घेतली, आणि उरलेला तो थंड, चिवडलेला भात त्याने खाल्ला. सावकाश, वाटीची कड बोटाने निपटून. नातू त्याच्या मांडीवर चढून बसला होता. मी दोघांकडे पाहत होतो, आणि मला पस्तीस वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला.

त्या रविवारी ही तापाने निजली होती आणि तिच्याऐवजी मुलाला मी भरवीत होतो. दुधीची भाजी होती. तीन वर्षांच्या त्या पोराने तोंड घट्ट मिटले. मी त्याचे नाक धरले. श्वासासाठी तोंड उघडताच घास आत. त्याला ओकारी आली. मी तोंड पुसले आणि पुढचा घास समोर धरला. तो त्याने मुकाट्याने खाल्ला, त्यापुढचेही सगळे. मी विजयी मुद्रेने आत जाऊन सांगितले, "ताट स्वच्छ केलं बघ त्यानं!" ही अंथरुणावरून म्हणाली, "जेवला ते खरं. पण पोटात काय गेलं?" तापात बडबडते आहे, असे मला वाटले होते.

आजही आमचा मुलगा दुधी खात नाही. ताटात आला तर काही न बोलता बाजूला सारतो. इतक्या वर्षांत मी कधी कारण विचारले नव्हते. त्या रात्री विचारले. तो थोडा वेळ आठवत राहिला. म्हणाला, "कारण असं काही नाही, बाबा. वास आला की श्वास कोंडल्यासारखं होतं, एवढंच." त्याला तो रविवार आठवत नव्हता. मी तो त्याला सांगितला. अगदी नाक धरल्यासकट सांगितला. वडिलांनी मुलाची क्षमा मागायची आमच्या घरात रीत नाही; शब्द कुठले वापरायचे तेही मला माहीत नव्हते. सगळे ऐकून तो म्हणाला, "बरं झालं, सांगितलंत. मला वाटायचं, दुधीतच काही खोट आहे." आम्ही दोघेही हसलो. पण पाणी प्यायला म्हणून तो उठला, तो बराच वेळ स्वयंपाकघरात होता.

तेव्हापासून मी सूनबाईंचा शेवटचा नियम पाळतो. सोपे नाही ते. वाटीत भात राहिलेला दिसला की हात शिवशिवतो. 'आणखी एक घास' हे शब्द जिभेच्या टोकावर येतात. मी ते गिळतो. नातवापेक्षा अशा रीतीने मीच अधिक गिळतो, असे म्हणायला हरकत नाही.

यंदा चकलीची भाजणी भाजायला काढली तेव्हा सूनबाईंनी मेतकुटाच्याही डाळी भाजल्या. प्रमाण हिच्या वहीत होते. भाजणीचा रंग कुठवर आणायचा ते मात्र वहीत नव्हते. ते माझ्या नाकाला ठाऊक होते. मी कढईपाशी उभा राहून "अजून थोडं" आणि "आता पुरे" असे सांगत होतो. मेतकूट हिच्यासारखे झाले नाही. चांगले झाले.

पहिला भात अर्थातच साहेबांना. पाच घास खाल्ले आणि सहावा त्याने स्वतःच्या मुठीत घेऊन माझ्या तोंडाशी आणला. मी खाल्ला. दुसरा आणला, तोही खाल्ला. नुकताच फराळ झालेला, पोटात जागा नव्हती. तिसरी मूठ ओठांशी आली तेव्हा मी म्हणालो, "पुरे, बाळा."

त्याची मूठ वाटेतच थांबली. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, मुठीतल्या भाताकडे पाहिले, आणि हात खाली घेतला.