नाईलच्या वळणांवरचा कूश देश

कुश म्हटलं की आपल्याला लवाचा भाऊ आठवतो, वाल्मीकींचा आश्रम आठवतो. आज ज्या कूशची गोष्ट सांगायची आहे तो दीर्घ उकाराचा, आणि तो राजपुत्र नसून एक देश आहे. ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथांत, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, हे नाव वारंवार येतं. मोशेनं कूशी बायको केली म्हणून त्याच्या सख्ख्या भावाबहिणीनं कुरकुर केली. यिर्मया संदेष्ट्याला शत्रूंनी चिखलानं भरलेल्या टाक्यात सोडलं, तेव्हा त्याला वर काढणारा एबद-मलेख कूशीच होता. दोर काखेत काचू नये म्हणून त्यानं आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या होत्या!

आणखी एक गंमत. एस्तेरच्या पुस्तकाच्या आरंभीच पर्शियाच्या बादशहाचं राज्य हिंदुस्थानापासून कूशपर्यंत १२७ प्रांतांवर पसरल्याचं सांगितलं आहे. मराठी बोलणारे आपले बेने इस्रायल बांधव पुरीमच्या सणाला सिनेगॉगमध्ये हेच पुस्तक वाचतात. म्हणजे त्या काळच्या जगाचं एक टोक आपण आणि दुसरं टोक कूश. आपण मात्र त्या दुसऱ्या टोकाची फारशी विचारपूस केली नाही.

यात थोडा दोष भाषांतरांचाही आहे. ग्रीकांनी या मुलखाला 'आयथिओपिया' म्हटलं, म्हणजे करपलेल्या चेहऱ्यांच्या लोकांचा देश. पुढे अनेक भाषांतरांत कूशच्या जागी इथिओपिया छापलं गेलं आणि वाचणाऱ्याचं बोट नकाशात भलतीकडेच गेलं. खरा कूश होता आजच्या सुदानच्या उत्तर भागात. तेव्हा मुलांचा ॲटलास उघडा, इजिप्तमधल्या आस्वानवर बोट ठेवा आणि नाईलच्या प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे सरका. इथून खार्तूमपर्यंत नदीच्या पात्रात सहा ठिकाणी खडकांची रांग लागते आणि होड्या अडतात. या खडकांच्या आडोशानंच कूश वाढला.

केर्मा : मातीचा मनोरा

तिसऱ्या खडकाळ टप्प्याजवळ केर्मा लागतं. खजुराच्या बागांमागे कच्च्या विटांचा एक अवाढव्य ढिगारा उभा आहे. त्याला 'देफुफा' म्हणतात. उंची सुमारे १८ मीटर, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचा हा अवशेष. इ.स.पू. २५०० ते १५०० या काळात इथे कूशची पहिली राजधानी नांदली.

१९१३मध्ये जॉर्ज रायस्नर या नामवंत अमेरिकन संशोधकानं इथे उत्खनन सुरू केलं. त्याला भव्य कबरी मिळाल्या, सुंदर मातीची भांडी मिळाली. पण काळ्या आफ्रिकेच्या लोकांनी हे सगळं उभारलं असेल, हे काही त्याच्या मनाला पटेना. हे इजिप्तच्या सुभेदाराचं ठाणं असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. ती चूक दुरुस्त व्हायला काही दशकं जावी लागली. चार्ल्स बोने या स्विस संशोधकानं केर्मात वर्षानुवर्षं काम केलं आणि हे अस्सल आफ्रिकी राजधानीचं शहर होतं हे दाखवून दिलं. २००३मध्ये त्याच्याच पथकाला जवळच्या एका खड्ड्यात पुरलेले कूशी राजांचे सात भंगलेले पुतळे मिळाले.

बर्कल : देवाचा डोंगर

नदी इथून मोठं वळण घेते. त्या वळणावर, करीमा गावाजवळ, सपाट वाळवंटात एकाएकी एक तांबूस डोंगर उठतो. हा जेबेल बर्कल. त्याच्या कडेला एक सुळका सुटा उभा आहे. लांबून पाहावं तर फणा काढलेला नागच! या डोंगरात आमून देव राहतो अशी इजिप्शियनांची श्रद्धा होती. इजिप्तनं कूश जिंकला, काही शतकं राज्य केलं, पायथ्याशी मंदिर बांधलं. पुढे इजिप्त दुबळा झाला आणि चक्र फिरलं. इ.स.पू. आठव्या शतकात इथला राजा पिये उत्तरेकडे निघाला आणि त्यानं इजिप्तच जिंकला.

पियेनं आपल्या विजयाची हकीकत शिलालेखात कोरून ठेवली आहे. १८६२मध्ये हा लेख बर्कलला सापडला. त्यात एक प्रसंग मोठा बोलका आहे. शरण आलेल्या राजाच्या तबेल्यात पिये गेला, तर वेढ्याच्या दिवसांत घोडे उपाशी राहिलेले. ते पाहून तो भयंकर संतापला. शत्रूच्या साऱ्या अपराधांपेक्षा त्याला हा अपराध मोठा वाटला. जवळच्या अल-कुर्रू इथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत २४ घोड्यांच्या कबरी निघाल्या आहेत. या राजांनी आपले घोडेसुद्धा मानानं पुरले.

बायबलमध्ये तिऱ्हाका म्हणून येतो तो याच घराण्यातला तहार्का. इ.स.पू. ७०१मध्ये असिरियाचा सेन्नाखेरीब यहूदाची शहरं एकामागून एक घेत यरुशलेमवर चालून आला, तेव्हा तिऱ्हाका लढायला येतो आहे अशी खबर त्याला लागली, असं बायबल सांगतं. यरुशलेम पडलं नाही. बायबल त्याचं श्रेय देवदूताला देतं. इतिहासकारांमध्ये मात्र त्यात कूशच्या फौजेचा वाटा किती, यावर अजून वाद चालतो. तहार्का पुढे इ.स.पू. ६९०मध्ये गादीवर बसला. अखेर असिरियानंच त्याला इजिप्तमधून मागे रेटलं. बर्कलसमोर नदीपलीकडे नुरी इथे त्याचा पिरॅमिड आहे.

मेरोए : शेंडे उडवलेले पिरॅमिड

आणखी वर गेलं की मेरोए. खार्तूमपासून हे सुमारे २०० किलोमीटर. सोनेरी वाळूच्या टेकाडांवर अरुंद, उभ्या चढाचे पिरॅमिड दाटीनं उभे आहेत. इजिप्तच्या महाकाय पिरॅमिडांपुढे ते लहान दिसतात. पण साऱ्या सुदानमधले मोजले तर संख्या दोनशेच्या वर, इजिप्तपेक्षा जास्त! शहराच्या अवशेषांत लोखंड गाळल्यानंतर उरलेल्या मळीचे ढीग आहेत. इथल्या लोकांनी स्वतःची लिपीही घडवली. अक्षरं १९११पर्यंत वाचता आली, भाषा मात्र अजून पुरती उलगडलेली नाही.

मेरोएच्या राण्यांना 'कंदाके' म्हणत. त्यातल्या अमानिरेनास राणीच्या काळात कूशी सैन्यानं रोमनांच्या ताब्यातल्या आस्वानवर धाड घातली आणि सम्राट ऑगस्टसचे पुतळे पळवले. रोमनांनी सूड घेतला, तरी शेवटी तह झाला आणि करही माफ झाला. त्या पुतळ्यांपैकी एकाचं काशाचं डोकं १९१०मध्ये मेरोएच्या एका मंदिराच्या पायरीखाली पुरलेलं सापडलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं रोमच्या सम्राटाला तुडवून जावं, ही त्यामागची योजना! हे डोकं आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

यातल्या बऱ्याच पिरॅमिडांना शेंडे नाहीत. १८३४मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियन डॉक्टरनं खजिन्याच्या लोभानं ते फोडले. त्याला अमानिशाखेतो राणीचे सोन्याचे दागिने मिळाले. युरोपात विकायला नेले तर गिऱ्हाईक मिळेना. आफ्रिकेच्या आतल्या भागात इतकं नाजूक काम होऊच शकत नाही, तेव्हा हे नकली असणार, असंच लोकांना वाटलं. आज ते म्युनिक आणि बर्लिनच्या संग्रहालयांत मानानं मांडलेले आहेत.

खार्तूम : राजा एकटा

जिथे निळी आणि पांढरी नाईल एकत्र येतात, तिथे खार्तूम. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात हा सारा ठेवा जपलेला होता. सुदानच्या लोकांनी हा वारसा आपला म्हणून पुन्हा उचलला होता. २०१९मध्ये हुकूमशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या मुलींना लोक कौतुकानं 'कंदाका' म्हणत. युनेस्कोनं बर्कलला २००३मध्ये आणि मेरोएला २०११मध्ये जागतिक वारसा जाहीर केलं होतं.

पण एप्रिल २०२३मध्ये लष्कर आणि निमलष्करी दलात युद्ध पेटलं. लाखो माणसं घरदार सोडून पळाली. मार्च २०२५मध्ये लष्करानं खार्तूम परत घेतलं, तेव्हा संग्रहालयाची दालनं लुटलेली होती. सोन्याची खोली रिकामी होती. तहार्काचा ग्रॅनाइटचा प्रचंड पुतळा तेवढा जागेवर होता. तो उचलून नेणं कोणाला जमलं नसावं.

कूशचं नाव परक्यांनी बदललं, त्याचं श्रेय परक्यांना दिलं गेलं, त्याचे शेंडे परक्यानं उडवले. या वेळी घाव घरातूनच बसला, हे जास्त लागतं. माणसं घरी परततील, तेव्हा या वस्तूही शोधाव्या लागतील. यिर्मयाला टाक्यातून वर काढणाऱ्या त्या कूशी माणसानं दोराबरोबर चिंध्याही नेल्या होत्या. त्याच्या देशाला वर काढतानाही तेवढीच माया लागणार आहे.