दारासमोर काय आहे?

मुलीला पुण्याच्या एका वसतिगृहात पोहोचवून आम्ही उभयता जुन्नरला परतलो, त्या रात्री निश्चिंत झोपलो. स्वतंत्र खोली, पलंग, टेबल, चोवीस तास पाणी; आणखी काय हवे? नाताळच्या सुटीत ती घरी आली आणि म्हणाली, "मी परत जाणार नाही. तीन दिवस तापाने पडून होते. तुम्हाला काळजी नको म्हणून फोनवर बोलले नाही. आणि तिथे कुणाला कळलेच नाही."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलो. गणपतीच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले तेथील सातवे लेणे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. मध्ये एकही खांब नसलेले मोठे दालन. दोन्ही बाजूंस सात-सात व मागे सहा, अशा २० खोल्या. उंबरठ्याच्या आत एकांत. बाहेर पाऊल टाकले की सर्वांचा सहवास. एखादे दार दिवसभर उघडले नाही, तर ते समोरच्याच्या ध्यानात येणारच! सभोवार पाहून मुलगी म्हणाली, "आमच्याकडे नुसता बोळ आहे, दोन्हीकडे बंद दारांचा."

लुई कान यांनी १९६२ पासून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची आखणी केली, तेव्हा वसतिगृहांतून असा लांब बोळ वगळला. प्रत्येक मजल्यावरील खोल्या त्यांनी जिना व चहाची जागा यांभोवती मांडल्या. मधली जागा गाळली, तर तेवढ्याच क्षेत्रात अधिक खाटा मावतात, हा हिशेब खोटा नव्हे. परंतु त्यात एकटेपणाची किंमत धरलेली नसते.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगरातील कित्येक आदिवासी मुले कोवळ्या वयातच निवासी आश्रमशाळांत राहतात. 'परत जाणार नाही' असे म्हणण्याची सोयही त्यांना बहुधा नसते.

सुटी सरताच आमची मुलगी मात्र परत गेली. आता सायंकाळी तिच्या दारासमोर, त्याच बोळात, एक चटई अंथरली जाते. चौघी-पाचजणी बसतात, असे ती सांगते.

वाचकहो, येत्या जूनमध्ये आपल्या मुलाला वसतिगृहात ठेवताना आपण पलंग आणि नळ पाहालच. आम्हीही पाहिले होते. त्याच्या दारासमोर काय आहे, तेवढे पाहायचे आम्ही विसरलो. आपण विसरू नये.