चार मुले, एक सतरंजी आणि चित्रकलेचा तास

मुलांना घरीच शिकवतो असे सांगितले की समोरच्या बाईंचा पहिला प्रश्न गणिताचा असतो, दुसरा इंग्रजीचा आणि तिसरा दहावीच्या सर्टिफिकेटचा. चित्रकलेचे काय करता, असे मला आजवर कोणी विचारलेले नाही. आमच्या घरात मात्र गेले वर्षभर सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती चित्रकलेचीच.

गणिताचे त्या मानाने सोपे आहे. थोरली १३ वर्षांची, तिच्या पाठचा मुलगा १०, मग ७ वर्षांची मुलगी आणि धाकटा ५. चौघांची चार पुस्तके, चार वह्या. कोण कुठवर पोहोचले ते एकमेकांना फारसे दिसत नाही. चित्र मात्र दिसते. ते सतरंजीवर सगळ्यांच्या मध्ये पडलेले असते. थोरलीचा हात लहानपणापासून चांगला आहे. घरी येणारे-जाणारे तिचा कागद उचलतात, "माशाअल्लाह" म्हणतात, आणि बाकीचे तिघे ते ऐकत असतात. तिसरी आधी दिवसाला दहा कागद रंगवायची. मग ती म्हणू लागली, "बाजी, तू काढून दे, मी रंगवते." पुढे रंगवणेही थांबले. "मला नाही येत," एवढेच. सहा-सात वर्षांच्या पोरीने एखादे काम आपले नव्हेच असे कायमचे ठरवून टाकावे, हे मला पाहवेना.

म्हणून अभ्यासक्रम शोधताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता. थोरलीचा हात पुढे जाईल आणि तिसरीचा हात पुन्हा चालू लागेल, असे एकाच सतरंजीवर काय करता येईल?

आधी परदेशी तयार संच पाहिले. छपाई सुरेख, किंमत आपल्या महिन्याच्या किराण्याशी स्पर्धा करणारी. पण ते सगळे वयाप्रमाणे बांधलेले. म्हणजे चार मुलांना चार संच आणि आईला चार तास. शिवाय धडे कशावर, तर लाल होऊन गळणारी पाने, बर्फाचा माणूस, शेकोटी. नागपूरच्या मुलांनी उन्हाळ्यात फुललेला पळस पाहिलेला असतो आणि कूलरच्या टाकीत पाणी भरलेले असते. बर्फ त्यांना गोळेवाल्याच्या गाडीवरचा माहीत. अमेरिकेतल्या मोना ब्रूक्स यांचे १९८६ सालचे ‘ड्रॉइंग विथ चिल्ड्रन’ हे पुस्तक घरशिक्षणवाल्या कुटुंबांत फार चालते. त्यातली एक गोष्ट आम्ही उचलली. कोणतीही वस्तू काढण्याआधी तिच्यात ठिपका कुठे आहे, गोल कुठे, सरळ रेघ कुठे, कोन कुठे आणि वळण कुठे, हे मुलांनी तोंडाने सांगायचे. पाच वर्षांचे मूलही हे सांगू शकते. पुस्तकाचा बाकीचा भाग बाजूला ठेवला.

मग डोळा गेला आपल्याच घरच्या गोष्टीकडे, म्हणजे कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांकडे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावे महाराष्ट्रात कोणत्या घरात माहीत नाहीत? एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. या परीक्षेला जुनाट म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, पण मला ती मांडणी शहाणपणाची वाटते. समोर आहे ते पाहून काढा, पाहिलेले आठवून काढा, नक्षी स्वतः रचा, आणि कंपास-पट्टीने नेमके काढायला शिका. चित्रकलेत याहून वेगळे मूलभूत काय असते? थोरलीला ही परीक्षा द्यायची आहे. नोंदणी परीक्षाकेंद्र असलेल्या शाळेमार्फत होते, म्हणून एका शाळेतल्या कलाशिक्षकांशी आमचे बोलणे चालू आहे. पण ७ आणि ५ वर्षांच्या मुलांपुढे परीक्षेचा अभ्यासक्रम ठेवणे म्हणजे "मला नाही येत" त्यांच्याकडून पाठ करून घेणेच.

दिशा मिळाली ती नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी आणणारी योजना तयार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. त्याच नई तालीमच्या शाळेत १९४४ साली देवी प्रसाद नावाचे तरुण कलाशिक्षक आले. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले होते. सेवाग्रामला ते १९६२ पर्यंत राहिले. त्यांचे ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’ हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ साली काढले. त्यांच्या मांडणीचा गाभा मी असा घेतला की मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नव्हे. ती त्या वयाची स्वतःची भाषा असते, आणि ती वयाबरोबर आपल्या टप्प्यांनी बदलत जाते. हे एकदा पटले की चौघांना चार पुस्तके लागत नाहीत. चौघांसमोर एकच वस्तू ठेवता येते. टप्पा ज्याचा त्याचा.

आमचा पहिला महिना संत्र्यांवर गेला. मृगबहाराची संत्री बाजारात होती, त्यामुळे सामान खायचेही झाले. पहिल्या आठवड्यात अख्खे संत्रे, दुसऱ्या आठवड्यात आडवे कापलेले, तिसऱ्यात अर्धे सोललेले, चौथ्यात संत्रे उचलून ठेवायचे आणि आठवून काढायचे. म्हणजे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र दोन्ही आले. थोरलीने ४बी पेन्सिलने छाया भरली, सावली कुठून सुरू होते त्यावर आमचा वाद झाला. दहाच्या मुलाने कापलेल्या संत्र्याच्या फोडी मोजल्या आणि कंपासने वाटण्या केल्या. धाकट्याने कागदभर एकच केशरी गोळा काढून त्याला पाय लावले. संत्र्याला पाय नसतात, असे त्याला कोणी सांगितले नाही.

नियम तीनच. दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. खोडरबर तासाला आणायचे नाही. आणि "छान" म्हणायचे नाही. काय दिसते ते सांगायचे, जसे "साल जाड दिसते आहे". हा तिसरा नियम मुलांपेक्षा पाहुण्यांना जड जातो, म्हणून चित्रे आता भिंतीवर लागत नाहीत. मागे नाव आणि तारीख घालून प्रत्येकाच्या फाइलीत जातात.

तिसरी पहिले दोन आठवडे नुसती बसून राहिली. मी काही बोलले नाही, फक्त कागद पुढे ठेवत गेले. तिसऱ्या आठवड्यात तिने संत्रे उचलून उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "बाजी, देठाकडे हिरवा तारा आहे." होता खरा. देठ तुटल्यावर तिथे राहतो तो बारीक हिरवट तारा. थोरलीने अख्खे संत्रे इतके मन लावून काढले होते, पण तो तिच्या चित्रात नव्हता. तिने आपला जुना कागद काढून त्यात तो घातला. त्या दिवशी तिसरीने संत्रे काढलेच नाही, फक्त तारा काढला, सात-आठ वेळा, हाताएवढा मोठा. दुसऱ्या दिवशी न सांगता कागद मागितला.

आता सासूबाईंबद्दल. ज्या खोलीत त्या नमाज पढतात तिथे जीवसृष्टीची चित्रे त्यांना चालत नाहीत, आणि मुळात माणसांचे चेहरे काढण्यालाच त्यांची नापसंती आहे. हा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत असतो आणि बहुधा कुजबुजीत राहतो. आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत. सजीवांचे चित्र हाताने काढणेच नाजायज मानणारे आहेत. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांच्या हदीसचा आधार घेऊन मुलांच्या बाबतीत सवलत मानणारेही आहेत. फतवा देणे माझे काम नाही. एवढे सांगते की सामाईक तासाला फळे, भांडी, झाडे, इमारती आणि नक्षी इतकेच ठेवूनही विषय कमी पडत नाहीत. झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची मोकळीक हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या रिवायतीतच आहे. (धाकट्याच्या पायवाल्या संत्र्याचे काय, हे सासूबाईंनी हसून सोडून दिले.) थोरलीच्या स्मरणचित्रात मात्र बाजार, बसस्टॉप अशा विषयांना माणसे लागतात. त्यासाठी तिच्या अब्बूंनी आमच्या विश्वासातल्या आलिमसाहेबांचा सल्ला घेतला. ती परीक्षेपुरती माणसे काढते आणि ते कागद फाइलीबाहेर येत नाहीत. सासूबाईंनी मान्य केले. मनापासून की नातीखातर, ते मी विचारले नाही.

नक्षीत तर आपल्याकडे खजिनाच आहे. कंपासने वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहाव्या खुणेला आपण सुरुवातीच्या जागी येतो. एकाआड एक खुणा जोडल्या की सहा टोकांचा तारा. मशिदींच्या जाळ्यांमधल्या कितीतरी नक्ष्या या एवढ्याशा युक्तीतून वाढतात, आणि कर्तव्यभूमितीचा अभ्यास आपोआप होतो. माझा मुलगा गणिताला कंटाळतो, पण या ताऱ्यांना तो तासन्तास बसतो. विदर्भाच्या करवत काठी साडीचा काठही आम्ही कागदावर उतरवला. करवतीचे दात एकापुढे एक, मापात. मोमिनपुऱ्यातल्या ज्यांच्या घरी माग होते, त्यांच्या मुलांना तरी हा काठ ओळखता यावा.

अक्षरलेखनाला बोरूची कलम आणि खत. दहाव्या शतकात बगदादचे वजीर इब्ने मुकला यांनी अक्षरांची मापे बसवली ती नुक्त्यावर. कलम एकदा टेकवून जो चौकोनी ठिपका उमटतो, तेच माप. अलिफ किती नुक्त्यांचा हे शैलीनुसार ठरते. पाच वर्षांचा मुलगा अक्षर नाही काढू शकत, पण नुक्ते एकाखाली एक लावतो, आणि बहीण त्याच्याच नुक्त्यांवर आपला अलिफ मोजते. एका कामात दोघे असे फार क्वचित बसतात.

ठिपक्यावरून सय्यद हैदर रझा यांची गोष्ट निघाली. मंडल्याच्या जंगलात, वनखात्यातल्या बापाच्या घरी १९२२ साली जन्मलेला मुलगा, शाळेत लक्ष लागत नव्हते. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावले. तोच मुलगा १९३९ ते १९४३ आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पुढे मुंबई आणि पॅरिस गाठले, आणि तो बिंदू जगभर त्याची ओळख झाला. २०१६ साली इंतकाल झाल्यावर त्यांचा दफनविधी मंडल्याला, वालिदांच्या कबरीशेजारी झाला. गोष्ट ऐकून आमच्याकडेही भिंतीवर एक ठिपका आला आहे. यांचे म्हणणे, रंगारी बोलवायचा खर्च कोणत्या विषयात धरायचा? रझांची चित्रे दाखवायला पुस्तक आहे; पाहून काढायला मात्र आम्ही अजब बंगल्यात जातो. १८६३ पासूनचे हे संग्रहालय नागपूरकर लग्नाच्या पाहुण्यांना दाखवतात आणि स्वतः विसरतात. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यापुढे अर्धा तास बसायचे.

खर्चाचे सांगायचे तर एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली, ऑइल पेस्टलचा डबा, बोरू, शाई, कंपास आणि साधा कार्ट्रिज कागद. सगळे सीताबर्डीत एका फेरीत मिळते.

सगळे जमले आहे असे नाही. थोरलीची तक्रार आहे की सगळ्यांबरोबरचा तास तिला संथ पडतो, आणि ती रास्त आहे. दहावीला ती एनआयओएसचा चित्रकला विषय घेणार आहे. त्यात लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला जास्त गुण आहेत, म्हणजे हात तयार हवा. म्हणून शनिवारचे दोन तास तिचे एकटीचे ठरवले आहेत. त्या वेळात ती स्थिरचित्र मांडते आणि खोलीचे दार लोटून घेते. आत कोणी जायचे नाही. धाकटा उंबऱ्यावर बसतो, आणि हल्ली त्याच्या शेजारी तिसरीही आपला कागद घेऊन बसू लागली आहे.