कार्बनची ओढ

पॉलिश केलेल्या नमुन्यावर नायटल, म्हणजे नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण, फिरवायचं, अल्कोहोलने धुवायचं, सुकवून मायक्रोस्कोपखाली ठेवायचं. पॉवर स्टेशनमधल्या वाफेच्या पाइपचा जोड असेल तर माझी नजर आधी फ्यूजन लाइनवर जाते. एका बाजूला २.२५ टक्के क्रोमियमचं पी-२२, दुसरीकडे ९ टक्क्यांचं पी-९१, आणि जोडात भरलेला धातू, म्हणजे फिलरही ९ टक्क्यांचाच. वेल्डिंगनंतर ७५० अंशांच्या आसपास काही तास काढले, की पी-२२च्या कडेला पांढरी पट्टी उमटते. तिथली कार्बाइडं विरघळून गेलेली, फेराइटचे कण मोठे आणि कोरे. पलीकडे लगेच काळपट पट्टी, कार्बाइडांनी गच्च. कठीणपणा मोजायला विकर्सचा ठसा पांढऱ्या पट्टीत घेतला तर चौकोन लगेच मोठा होतो. तिथे पोलाद मऊ पडलेलं असतं.

दोन्ही पोलादांत कार्बन मुळात ०.१ टक्क्याच्या आगेमागेच. मग तो हलला कशाला? जास्तीकडून कमीकडे, हा फिकचा नियम सगळ्यांना पाठ असतो. मिश्र पोलादात तेवढ्यावर भागत नाही. डार्कन या धातुशास्त्रज्ञाने १९४९मध्ये ते दाखवून दिलं. जवळपास सारख्याच कार्बनचे दोन तुकडे त्याने जोडले, एकात ०.४८ टक्के, दुसऱ्यात ०.४४. फक्त पहिल्यात ३.८ टक्के सिलिकॉन होतं. १०५० अंशांवर १३ दिवस ठेवल्यावर सिलिकॉनच्या बाजूचा कार्बन जोडापाशी उतरला आणि पलीकडचा चढला. सिलिकॉन कार्बनला नकोसं करतं, क्रोमियम धरून ठेवतं. कार्बन टक्केवारी बघून जात नाही, क्रियाशीलतेचा उतार बघून जातो. हा प्रयोग मला धातुशास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो.

इवलासा कार्बन लोखंडाच्या अणूंमधल्या फटींतून सरकतो. क्रोमियमला मात्र शेजारची जागा रिकामी व्हावी लागते, म्हणून ७५० अंशांवर ते जवळपास जागचं हलत नाही आणि कार्बन मात्र निघून जातो.

गिअरच्या कार्ब्युरायझिंगमध्येही हेच. भट्टीतला गॅस तोच, तरी क्रोमियम असलेल्या २० एमएनसीआर ५ पोलादाचा पृष्ठभाग शिमपेक्षा, म्हणजे गॅसमधला कार्बन मोजायला भट्टीत ठेवलेल्या साध्या लोखंडाच्या पातळ पत्र्यापेक्षा, जास्त कार्बन घेतो; निकेल जास्त असलेलं पोलाद कमी घेतं. म्हणून नुसत्या शिमच्या आकड्यावर बॅच सोडू नये, जॉब कापून बघावा, या मताचा मी आहे.

पाइपच्या जोडाला पी-२२चाच फिलर वापरला तर पांढरी पट्टी फक्त जागा बदलते, पी-९१च्या कडेला वेल्डमध्ये येते. निकेल मिश्रधातूचा फिलर कार्बनला बराच अडवतो, पण तो महाग, आणि त्याचं प्रसरणही वेगळं. त्यामुळे जोडाची जागा ठरवतानाच तिथे ताण किती येणार हे बघावं लागतं.