दोन वह्या वेगळ्या ठेवूया



दूरच्या एखाद्या ग्रहावर पाणी असावं अशी बातमी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच मेसेज फिरतो, "हे आपल्या शास्त्रात आधीच लिहिलंय, आता विज्ञानानेही मान्य केलं." आमच्या कागलच्या बस्तीतही आरतीनंतर त्यावर गप्पा होतात. माझी नववीतली नात मात्र विचारते, "आज्जी, विज्ञानाने नेमकं काय मान्य केलं?" तिला खरं उत्तर द्यायला हवं. नाहीतर उद्या आपण धर्माचं काही सांगितलं तरी ती ऐकणार नाही.

तर खरं एवढंच आहे. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह 1995 साली सापडला. आता सूर्यमालेबाहेरचे पाच हजारांहून अधिक ग्रह माहीत झालेत. त्यांतला राहण्याजोगा कोणता, हे ठरवताना आधी ताऱ्यापासूनचं अंतर बघतात. फार जवळ असला तर पाण्याची वाफ होते, फार लांब असला तर बर्फ. मधल्या पट्ट्यात पाणी पाणीच राहू शकतं. पण "राहू शकतं" म्हणजे "आहे" नव्हे, आणि पाणी असलं म्हणजे जीव आहेच असंही नाही. पृथ्वीबाहेर जीव असल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही.

बी.कॉम.ला आम्हाला पहिलं शिकवलं ते हे, की व्हाउचर नसेल तर नोंद करायची नाही. शास्त्रज्ञांचंही तसंच असतं. आपल्या कोल्हापुरात 1938 साली जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांचंच उदाहरण घ्या. पृथ्वीवर जीव अंतराळातून आले असतील का, हा प्रश्न त्यांनी तपासायला घेतला. इस्रोच्या साहाय्याने एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत भरून खाली आणली. मग ती हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासली. एकाच वहीला दोन ऑडिटर म्हणा ना!

त्यात जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू तर अगदी नव्या जातीचे निघाले, अतिनील किरणांत जास्त तग धरणारे. एकाला फ्रेड हॉईल यांचं, एकाला इस्रोचं आणि एकाला आर्यभटाचं नाव दिलं. एवढं हाती आल्यावर "बाहेरून जीव आले" असं म्हणायचा मोह कुणालाही झाला असता. पण 2009 मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोने स्पष्ट सांगितलं, की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत हे यावरून ठामपणे सिद्ध होत नाही.

आता आपल्याकडचं बघा. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्ताच्या आत जेवतो, अपकाय-वायुकाय जीव मानतो. वायुकाय म्हणजे हवा हेच ज्याचं शरीर आहे असा जीव. फुग्यातून आलेले जिवाणू ते नव्हेत. मग त्यांना ओढूनताणून आपल्या शास्त्राचा पुरावा का करायचं? उद्या कुणी सांगितलं की त्या ग्रहावर काहीच नाही, तर आपण पाणी गाळायचं सोडणार आहोत का? माझी जीवदया दुर्बिणीच्या भरवशावर उभी नाही. श्रद्धेची वही वेगळी आणि विज्ञानाची वेगळी. एकीतली रक्कम दुसरीत घातली की दोन्हींचा ताळमेळ बिघडतो.

आणि आपल्या पाच अणुव्रतांत सत्यही आहे. खात्री नसलेली गोष्ट पुढे पाठवणं त्यात बसत नाही, मग ती धर्माच्या कौतुकाची का असेना. म्हणून असा मेसेज आला की तीन गोष्टी विचारा. नुसता ग्रह सापडलाय, की पाणीही? पाणी खरंच आढळलंय, की फक्त शक्यता आहे? आणि ते दुसऱ्या कुणी तपासलंय का? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच पुढे पाठवा.